जबड्याला काय धाड भरलीय?

बुकोमच्या चौकात मक्याच्या केंकीसाठी रांग लागली होती. पलीकडे मुष्टियुद्धाच्या रिंगणात ओफोलीची लढत सुरू झाली होती. रांगेत नाआ द्रोमोच्या पुढे दोन पोरी बोलत होत्या.

“ओफोलीचा ठोसा म्हणजे घणच गं! पण जबडा काचेचा. एक बसला की आडवा! मागच्या दोन्ही लढतींत तेच झालं.”

“जबड्याला काय धाड भरलीय? आई खालून ओरडते, ‘बाळा, हात वर धर!’ हा वळून बघतो, नि तेवढ्यात खातो.”

“दोन्ही वेळेला?”

“दोन्ही वेळेला! त्या बाईला घरात कोंडायला पाहिजे.”

रिंगणाकडून एकदम गलका उठला. नाआ द्रोमोने तोंडावर हात गच्च दाबला.

“मावशी, तुम्ही नाही गेलात बघायला?”

“गेले होते,” ती हाताआडून म्हणाली, “दोन्ही वेळेला.”