मशीनचा आवाज

तुम्हाला हसू येईल, पण आमच्या वॉशिंग मशीनचा आवाज वाढलाय, हे मला सोडून बठ्ठ्या बिल्डिंगला माहीत होतं. बायको गेल्यावर धुळ्याच्या त्या फ्लॅटमध्ये मी एकटाच राहायचो. मुलगी लग्न होऊन सुरतेला. दिवसचे दिवस कोणाशी बोलणं होत नसे. एका सकाळी खालच्या मजल्यावरच्या अक्का वर आल्या आणि दारातूनच ओरडल्या,

"भाऊ, तुमना मशीनना आवाज कितला शे! दुरुस्त करा, नही ते नवं ल्या!"

मी म्हणालो, "अहो अक्का, दोन्हीची गरज नाही. जुनं झालं तसं उलट शांत झालंय ते."

त्या तरातरा आत मशीनपाशी आल्या. मग म्हणाल्या, "चालू करा बरं."

मी बटण फिरवलं. ड्रायर गरगरायला लागला तशी फळीवरची साबणाची डबी खाली पडली आणि अक्कांनी दोन्ही कानांवर हात ठेवले. मला आपली बारीक घरघर. अक्कांचे ओठ हलत होते. शेवटी त्यांनीच मशीन बंद केलं आणि जवळ येऊन विचारलं, "मी आत्ता काय म्हणाले?"

"तुम्ही काही बोललात?"

मिस्त्रीने बेअरिंग बदललं, मशीन वाचलं. मला मात्र अक्कांनी कानाच्या डॉक्टरांकडे पिटाळलं. त्यांनी तपासलं आणि मोठ्याने विचारलं, "तुम्हाला कमी ऐकू येतंय, हे घरातल्यांच्या लक्षात कधी आलं?"

मी म्हणालो, "घरातले नाहीत हो. परवा खालच्या अक्का भांडायला वर आल्या, तेव्हा कळलं."