मानमोडीचं साल आणि भिरूड सरांचा तास

जमलेल्या वडीलधाऱ्या मंडळींना, आयाबहिणींना आणि भिरूड सरांच्या विद्यार्थ्यांना माझा नमस्कार.

मला सभेत बोलायची सवय नाही. त्यातून ज्या माणसाने मला पहिल्यांदा फळ्यासमोर उभं केलं, त्याच्याच शोकसभेत, त्याच शाळेत बोलायचं. म्हणून मला जे जमतं तिथून सुरुवात करते. काय आलं आणि त्याला काय पडलं, ते आधी सांगते.

मंगळवारी देवपूरहून, निवृत्तीनंतर सर राहत होते तिथून, एस.टी.ने दोन पत्र्याच्या ट्रंका आल्या. भाडं साडेतीन रुपये. स्टँडपासून शाळेपर्यंत हातगाडीचे बारा आणे. आत वाळवी लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला, तो फुकटचा. आणि पाल्याखाली आपल्या जामनेरच्या घराघरांतले जुने कागद. लग्नपत्रिका, खुशालीची पत्रं, खरेदीखतं, शेतसाऱ्याच्या पावत्या, दुकानांच्या वह्या. प्रत्येकाला चिठ्ठी डकवलेली. कोणाच्या घरचा, कोणत्या मुलाने आणला. सोबत सरांच्या मुलीचं पत्र आहे. ती लिहिते, "निवृत्तीनंतर आबांचं हेच काम होतं. शेवटच्या आठवड्यापर्यंत चिठ्ठ्या लावत होते. कागद जामनेरचे, म्हणून जामनेरला पाठवते."

मंडळी, या कागदांचं काय करायचं ते महिनाअखेर ठरणार आहे. शाळेच्या समितीने सांगितलंय, ज्याचा कागद त्याची लेखी संमती आली तर तो शाळेत राहील. नाही आली तर ज्याचा त्याला परत. कोणी न्यायला आलं नाही तर रद्दीत. म्हणजे सर गेले, आणि त्यांच्यामागोमाग त्यांचा तासही जाणार. तो मला जाऊ द्यायचा नाही. म्हणून मी उभी राहिले आहे.

सरांचा तास कसा होता, ते नव्या मंडळींना सांगायला हवं.

सर इतिहास शिकवायचे. पुस्तक शिकवायचेच, परीक्षा कोणाला चुकली आहे? पण आठवड्यातून एकदा पुस्तक मिटायचं. मुलांनी घरून एकेक जुना कागद आणायचा. तो वाचायचा आणि विचारायचं, हे कोणी लिहिलं? कोणाला? का लिहिलं? आणि काय लिहायचं टाळलं?

गावाला हे पटत नव्हतं. समोर बसलेले नाना तेव्हा भर बाजारात म्हणाले होते, "सर, पोरांना लढाया शिकवा. आमच्या रद्दीत काय महाराज सापडणार आहेत?" सर म्हणाले, "महाराज नाही सापडले तरी तुमचे आजोबा सापडतील, नाना." नाना, मान खाली घालू नका. दुसऱ्या दिवशी आजोबांचं खरेदीखत घेऊन तुम्हीच शाळेत आला होतात.

एकदा सरांनी सगळे कागद वर्गाच्या फरशीवर सालवार मांडले. एकापुढे एक, दारापासून खिडकीपर्यंत. आणि मध्येच एक जागा रिकामी राहिली. ते मानमोडीचं साल, एकोणीसशे अठरा. तापाची ती साथ ज्यांनी पाहिली, त्यांच्यापैकी काही जण आजही इथे बसले आहेत. त्या सालचं जामनेरातलं एक पत्र नाही. माझी मुलगी तेव्हा नववीत. तिने विचारलं, "सर, त्या वर्षी कोणी पत्रंच लिहिली नाहीत का?" सरांनी विचार केला आणि फळ्यावर लिहिलं: कागद नाहीत, त्याअर्थी साथ आपल्या गावात फारशी पोचली नसावी.

मुलगी घरी आली आणि तिने हे वाक्य माझ्या सासूबाईंना वाचून दाखवलं. आम्ही त्यांना अक्का म्हणत असू. त्यांचं माहेर धुळ्याकडचं, बोलणं शेवटपर्यंत तिकडचंच. अक्का तांदूळ निवडत होत्या. सूप खाली ठेवलं.

"कोन म्हणस पोचनी नही? तुन्हा मास्तर?"

"हो आजी. एकही पत्र नाही."

"लिखात ना! बठ्ठासनी लिखात. वाचात नि फाडी टाकात. दुखनं पत्र घरमा ठेवतस का कोनी?"

खरं होतं. पत्रं सगळ्यांनीच लिहिली, वाचली आणि फाडून टाकली. आजही आपण तेच करतो की नाही? कोणी गेल्याचं पत्र आलं की उंबऱ्याबाहेर वाचायचं, फाडायचं, आंघोळ करायची, मग घरात यायचं. लग्नाची पत्रिका वीस वर्षं पेटीत राहते. मरणाचं पत्र वीस मिनिटं राहत नाही. मीही तेच करत आले. त्यात मला कधी काही वावगं वाटलं नव्हतं.

अक्का म्हणाल्या, "मन्हा दोन भाऊ गयात. माय गयी. तीन पत्रं उनात." एवढं बोलून पुन्हा सूप घेतलं. माझ्या लग्नाला तेव्हा अठरा वर्षं झाली होती. अक्कांना भाऊ होते हे मला त्या दिवशी कळलं.

मुलीने शाळेत सांगितलं. संध्याकाळी सर आमच्या ओट्यावर. टोपी काढून हातात घेतली आणि म्हणाले, "अक्का, माझी चूक झाली. कागद नाही म्हणजे माणूस मेला नाही, असं मी मुलांना शिकवलं. तुम्ही वर्गात येऊन सांगाल का?"

अक्का हो म्हणाल्या. नाही म्हणाले मी.

आज हे सांगितलंच पाहिजे. मी देवाधर्माची बाई. अशुभाचं नाव सरस्वतीच्या घरात घ्यायचं नाही, असं माझं म्हणणं. गावातली आणखी चार घरंही म्हणाली, मास्तर पोरांच्या डोक्यात मसण भरतो. कोणी कागद परत मागितले, कोणी मुलांना त्या तासाला बसू देईना. सर वाद घालत बसले नाहीत. मला एवढंच म्हणाले, "बाई, तुमच्या आजेसासऱ्यांचं कापडाचं दुकान होतं ना? त्या सालची वही असेल तर बघा. मला दाखवलीच पाहिजे असं नाही. तुम्ही बघा."

मला मॅट्रिकपर्यंत मोडी होती आणि हिशेब तर माझ्या रोजच्या हातातला. वही काढली. देवापुढे ठेवली, नमस्कार केला, मग उघडली. श्रावणापर्यंत सगळं नेहमीसारखं. लुगडी, खण, धोतरजोड्या. आश्विनात खण संपले. लुगडी संपली. दिवाळी तोंडावर आणि नव्या कपड्याची एक नोंद नाही. नुसतं मांजरपाट, ते जाडंभरडं पांढरं कापड. कोरं मांजरपाट, सात वार. सात वार. सात वार. एका घराच्या नावावर एका आठवड्यात तीनदा. पुढच्या पानावर त्या घराचं नावच नाही. त्या घरातून दुकानावर यायला कोणी उरलंच नव्हतं.

मंडळी, पत्रं फाडली. ही वही फाडायचं कोणाला सुचलं नव्हतं.

मी ती वही घेऊन शाळेत गेले. सरांच्या हातात द्यायची आणि परतायचं, असं मनात होतं. सरांनी हातात खडू दिला. म्हणाले, "हिशेबाची वही तुम्हाला वाचता येते, मला नाही. आज तास तुमचा." मी वहीतले आकडे फळ्यावर मांडले. मागच्या रांगेतली एक मुलगी उठली. "काकू, मांजरपाट तर सदऱ्यालाही लागतं. हे कफनाचंच कशावरून?" मला राग आला. सरांचा चेहरा मात्र फुलला. "हाच प्रश्न! बाई, सांगा." मी सांगितलं. सदऱ्याला कोणी सात वार अखंड नेत नाही. आणि दिवाळीत घरच्या लक्ष्मीला खण न घेता कोणी नुसतं मांजरपाट नेत नाही. सर म्हणाले, "पटलं त्यांनी लिहा. नाही पटलं त्यांनी शंका लिहा. शंकाही जपून ठेवू."

त्यानंतर अक्का वर्गात आल्या. खुर्चीवर नाही, मुलांसोबत सतरंजीवर बसल्या. दोन भावांची नावं सांगितली, आईचं सांगितलं. मुलांनी लिहून घेतलं. सांगणारी कोण, ऐकणारे कोण, वार कोणता, सगळं. खाली अक्कांचा अंगठा. घरी येताना म्हणाल्या, "आज त्यासनं सुतक फिटनं."

त्यात काही अशुभ नव्हतं. अशुभ ते होतं, की पन्नास वर्षं त्या तिघांचं नाव आमच्या घरात कोणी घेतलं नाही. हे माझं मत आहे, आणि देवापुढे बसून विचार करून केलेलं मत आहे.

आता अक्का नाहीत. सर नाहीत. ती वही आणि तो अंगठ्याचा कागद ट्रंकेत आहेत. शाळेत नव्या इतिहासाच्या बाई आल्या आहेत, तरुण आहेत. त्या परवा मला म्हणाल्या, "कागद राहिले तर मी तो तास चालवीन." मग अडलं कुठे? शिकवणारी आहे, शिकणारे आहेत. अडलंय ते तुमच्यामाझ्या होकारावर. माझ्या घरचा होकार मी कालच लिहून दिला.

काही जण म्हणतील, आमच्या कागदात घरची भांडणं आहेत, वाटणीचा वाद आहे. असू द्या. भांडलेली माणसंही आपलीच. ज्यांना अगदीच नको असेल, त्यांचा कागद मी स्वतः घरी आणून देईन, एक शब्द न विचारता. पण न बघता रद्दीत जाऊ देऊ नका. आधी एकदा उघडून वाचा. वाचता येत नसेल तर मला हाक मारा.

आता सरांसाठी दोन मिनिटं उभं राहू या. या दोन मिनिटांत ज्याने त्याने आपल्या घरातलं, बरेच दिवस कोणी न घेतलेलं एक नाव मनात घ्यावं. सरांना हाच नमस्कार पोचेल.

आणि जाताना घ्यायला दाराशी पोस्टकार्डं ठेवली आहेत, शाळेचा पत्ता मी घातला आहे. बोदवडला, भुसावळला, मुंबईला गेलेल्या घरांना आजच्याच टपालाने मी वेगळी पाठवते आहे. ट्रंकेत तुमच्या घरचा कोणता कागद आहे, ते कार्डावर लिहिलेलं आहे. तुम्ही खाली एकच शब्द लिहायचा, "ठेवा" किंवा "द्या", आणि सही करायची. महिनाअखेरीला अकरा दिवस आहेत. कृपा करून उलट टपाली कळवा.