शेठच्या पोटातले आकोंग

आधीच सांगतो, मी हे लिहून आणलंय, शुद्धलेखन चुकलं असेल, शब्दही साधेच आहेत, नववीतून शाळा सोडली मी, तेव्हा हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या... आणि मुळात मला कशाला उभं केलंत? ‘पाळलेला घोयरा, म्हणजे रंग बदलणारा सरडा, हातात कसा घ्यावा, चावू नये, ओरबाडू नये म्हणून काय करावं’... अहो, अख्ख्या च्याई शहरात या विषयावर बोलायला चावून घेतलेला माणूसच सापडला का तुम्हाला? ही बघा बोटं.

नियम एकच. वरून हात घालायचा नाही, खालून द्यायचा, आणि वाट बघायची. वरून येते ती घार, असं त्या सरड्याच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं. झालं, संपलं माझं भाषण. पण आपल्या सरडे पाळणाऱ्यांच्या मंडळाच्या अध्यक्षबाई म्हणाल्या पंधरा मिनिटं बोल, म्हणून घरचं सांगतो.

माझ्या घोयऱ्याचं नाव शेठ. पाऊल टाकायच्या आधी तीनदा विचार करतो आणि कुणाला काही देत नाही, म्हणून शेठ. आमच्या समोरच्या खोलीत, खिडकीशी कुंडीतल्या झाडावर असतो. आणि जानेवारीत आमचे आकोंग गेले, माझे आजोबा, त्यांनीच मला वाढवलं, उभा जन्म समुद्रात कालवं वाढवायच्या बांबूंवर गेला त्यांचा... तर त्यांचा फोटो, उदबत्त्या, ताटं, सगळं मांडलं कुठे? त्याच खोलीत. झाडापासून दोन हातांवर. मी म्हणणार होतो, शेठला हलवू या. पण तुम्हाला सांगतो, मला चारचौघांत तोंडच उघडता येत नाही.

सातव्या दिवशी गेलेलं माणूस घरी येऊन जातं, म्हणून दुपारपासून सगळे बसलेले. आमा, म्हणजे माझी आजी, मध्ये खुर्चीत, तैपेईहून आलेले थोरले काका, आत्या. समोर आकोंगच्या आवडीचं दूधमाशाचं सूप निवत चाललेलं. चारच्या सुमाराला एक तपकिरी पतंग आत आला, दिव्यावर येतो ना तसला, आणि बरोबर फोटोच्या चौकटीवर बसला. आत्या म्हणाली, “बाबा... आलात?” काका इतके रडले की त्यांचा चष्मा खाली पडला. आणि तो उचलायला कोणी वाकेना, कारण असल्या वेळी पतंगाला वारासुद्धा लागू द्यायचा नसतो. पतंग उठला, आमाच्या डोक्यावरून एक फेरी मारली आणि बसला झाडाच्या पानावर.

शेठचा एक डोळा आत्याकडे होता, एक पतंगाकडे. मग दोन्ही पतंगाकडे झाले.

मी बघत होतो हो. पण ओरडू काय, आकोंगना ‘उडा’ म्हणू? तेवढ्यात जीभ गेली आणि आली... आणि खोलीत चावण्याचा तेवढा आवाज राहिला. कुरुम कुरुम. बराच वेळ चावतात ते.

“थुंकायला लाव त्याला,” काका म्हणाले आणि झेपच घातली. कुठून? वरून. शेठ फुगला, काळा पडला, फिस्स केलं, एवढं सगळं सांगून मग तो चावतो, बिचारा सांगत असतो, आपणच ऐकत नाही... काकांनी बोट दातांतून हिसकलं, म्हणजे चामडी आणखी फाटली, मनगटावर नखांच्या चार रेघा. काका बोट धरून खाली बसले. आत्या म्हणाली, “दादा, आजारपणात एकदा तरी आला होतास का बघायला? मग चावणारच.” काकांनी खाली पडलेला चष्मा उचलला.

आमाने देवाजवळचे लाकडी कौल आणले, ते चंद्रकोरीसारखे दोन तुकडे, एक पालथा एक उताणा पडला की हो. विचारलं, “तुम्ही आत आहात का?” हो. पुन्हा टाकले, हो. तिसऱ्यांदा, हो. आमा म्हणाली, “साठ वर्षांत या माणसाने कुठल्या प्रश्नाला सरळ हो म्हटलं नव्हतं.” मग म्हणाली, “मला त्यांना हातात घ्यायचंय.”

आता आमाचं वय चौऱ्याऐंशी. कातडी कांद्याच्या सालीसारखी, त्यात रक्त पातळ करायच्या गोळ्या, खरचटलं तरी अर्धा तास थांबत नाही. आत्याने मला बाजूला घेतलं. “घेऊ दे तिला. पण आईला एक ओरखडा उठला, तर त्याच दिवशी हे ध्यान मी डोंगरावर सोडून येईन.” जानेवारीतला डोंगर. शेठ दोन रात्री काढणार नाही, हे तुम्हाला सांगायला नको. पण तिला सांगायला मला जमलं का? नाही जमलं.

मग शिकवणी सुरू. लांब बाह्यांचा सदरा. वरून नाही, खालून, आणि वाट बघायची. आपण उचलायचं नाही, त्याने चढायचं. पंजा रुतला तर ओढायचा नाही, तोच सोडतो. आमाने ऐकून घेतलं आणि म्हणाली, “हे मला शिकवतोस? तुझ्या आकोंगला वरून बोललं की ताट फेकायचा. मी आयुष्यभर खालूनच हात दिला.” तळहातावर नाकतोडा ठेवून ती रोज सकाळी पानाखाली हात धरून बसायची. तीन दिवस शेठ हलला नाही. ती म्हणायची, “रुसलाय.”

आणि चावला तर? चावला तर हिसकायचं नाही. तसंच थांबायचं, सोडतो तो. मग साबणाने धुवायचं.

चौथ्या दिवशी दुपारी घरात आम्ही दोघंच होतो. शेठने एक पाऊल उचललं, डोलवलं, टाकलं... आणि आमाच्या हातावर चढला. तिने श्वाससुद्धा घेतला नाही. मग हळूच बोलायला लागली. “त्या दिवशी दवाखान्यात तुम्ही म्हणालात, मला घरी न्या, घरी मरायचंय. मी म्हटलं, उद्या नेऊ.” आमच्याकडे शेवटचा श्वास घरात सोडतात, त्याकरता नाकात नळी ठेवून माणसं घरी आणतात. आकोंग त्याच पहाटे दवाखान्यात गेले. आणि तुम्हाला सांगतो, त्यांनी आधी मला विचारलं होतं. मी म्हटलं होतं, आमाला विचारा.

“उद्या म्हटलं मी,” आमा म्हणाली आणि दुसरा हात त्याच्या पाठीवरून फिरवायला गेली. वरून. मी अं... एवढंच म्हणू शकलो. शेठने अंगठ्याजवळ कडकडून धरलं. रक्त मनगटावरून बाहीत गेलं. ती हलली नाही. एवढी रागीट बाई, तिला कोणाचं मुकाट ऐकून घेताना मी कधी पाहिलं नव्हतं. त्याने सोडल्यावर म्हणाली, “बरोबर आहे. बोलले एकदाचे.”

चाळीस मिनिटं कापूस दाबून बसलो. संध्याकाळी आत्याने पट्टी बघितली. आमा म्हणाली, “कालवं फोडताना सुरी लागली.”

“आई, दोन वर्षं झाली तू कालवं फोडून.”

“म्हणूनच लागली,” आमा म्हणाली आणि जेवली, दोन वाट्या भात, आकोंग गेल्यापासून पहिल्यांदा. आणि झोपली, आडवी होऊन, घोरत. आत्या दारात उभी राहून तिच्याकडे बघत होती, मग माझ्याकडे, आणि मी, मला खोटं बोलता येत नाही, सगळं सांगून टाकलं. वाटलं, गेला शेठ डोंगरावर.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बाहेर आलो तर आत्या झाडासमोर स्टुलावर बसलेली, बाह्या कोपरापर्यंत वर सारलेल्या. माझ्याकडे न बघता म्हणाली, “बाबा पैलतीरावरून इतक्या लांब येतात तर ऐकून घ्यायला हवं. दवाखान्यात नळी घालायच्या कागदावर मीच सही केली होती.” तिच्या मागे काका उभे, बोटाला अजून पट्टी.

म्हटलं, “काका, तुम्हाला चावून झालंय ना?”

“त्या दिवशी मी हात ओढून घेतला,” काका म्हणाले. “तो चावा बाबा मोजत नसतील.”

मी कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात गेलो, कापसाचं मोठं पाकीट आणलं, आणि काकांच्या मागे रांगेत उभा राहिलो.