पेवावर भाव विचारणारा

ऐका. सरका अलीकडं, आन् मधी कुणी बोलू नका.

माझी रंगूआत्या. नवरा गेल्यावर बैलगाडी स्वतः हाकायची, अशी बाई. त्या साली सुगीत ज्वारी मातीमोल झाली. सगळ्यांनी विकली, आत्यानं आठ पोती घरात ठेवली. आषाढात भाव दुप्पट! पण खबर आली, उद्या बाजारात वरल्या मुलखातनं ज्वारीच्या गाड्या येणार, दुपारी भाव पडणार. आत्यानं रात्रीच गाडी जुंपली. आन् जवळची म्हणून जुन्या गावठाणाची वाट धरली.

तिथं पेवं हायेत. तुम्ही पोरांनी बघितली नसतील. जमिनीत पुरुषभर खोल खड्डा, आत धान्य, तोंडावर दगड. त्यातल्याच एका पेवात दौलतराव मेला. दर बाजाराला म्हणायचा, "अजून चढंल." वर्षामागून वर्षं ज्वारी आतच. मग दुष्काळ पडला, भाव कडाडला. ह्यानं घाईनं दगड सारला आन् आतली कोंडलेली विषारी हवा जाऊ न देता उतरला. वर आलाच न्हाई.

तर आत्या तिथं आली. वाटेच्या कडंला घोंगडं पांघरून माणूस बसलेला.

"बाई, ज्वारीचा भाव काय?"

आत्यानं सांगितला.

"अजून चढंल. थांब."

आत्यानं गाडी पुढं काढली. जरा वेळानं बघते तर काय! तोच माणूस, तेच घोंगडं. "भाव काय?" बैल फुरफुरले. तिनं चाबूक ओढला. गाडी पळाली, लई पळाली. आन् आवाज आला तो मागनं. गाडीतनं! पोत्यांवरनं!

"थांब की. अजून चढंल."

आन् ऐका, खरी भीती पुढंच हाय. आत्याला ते पटलं! खरंच की, कशाला घाई? तिनं बैल सोडले. बघते तर दौलतरावाच्याच पेवाच्या तोंडाशी उभी. दगड बाजूला. आतनं उबट, आंबूस वास.

"आत ठेव. चढला की काढू."

तिनं आपल्या हातानं एक पोतं आत लोटलं. पडल्याचा आवाजच न्हाई! वाकून कंदील आत धरला. भप्पकन विझला. तशी ती भानावर आली. पेवात दिवा विझला की उतरायचं न्हाई, हे बापानं शिकवलेलं. मागं सरणार, तोच आतनं मनगट धरलं. गार हात!

"विकली!" आत्या किंचाळली. "सगळी ज्वारी विकली! पहिल्या बोलीला विकली!"

आत कुणीतरी हुंदका दिल्यागत झालं. मूठ सुटली.

कशी गाडी जुंपली, तिलाच ठावं. उजाडायला बाजारात. पहिली बोली आली, सातही पोती देऊन टाकली. दुपारी भाव निम्म्यावर.

दुसऱ्या दिवशी माणसं पेवावर गेली. दगड जागच्या जागी, त्यावर शेवाळ. दोन दिवस तोंड उघडं टाकलं, मग उतरले. आत्याचं पोतं होतं. शेजारी अजून अकरा पोती, निरनिराळ्या गावांच्या खुणांची. ती कुणाची, हे विचारायला आजवर कुणी आलं न्हाई.

तवा त्या वाटेनं जाऊ नका रं. लांबचा पल्ला पडंल, पडू द्या. आन् अंधारात कुणी भाव विचारलाच, तर तोंड उघडू नका.