पाळकसाहेब येतवरी

मी काटोलकडची, ताई. बाप संत्र्याच्या बागेत राखणदार होता. माय गेली तवा मी एवढीशी होती, बापानं मले नागपूरच्या मिशनच्या बोर्डिंगात आणून सोडलं, म्हणाला इथं खायले भेटते, शिकायले भेटते, रडू नको, अन् फाटकातून मागं न पाहता चालला गेला. पयले पयले यायचा, मंग तेही बंद झालं. माहा त्याच्यावर राग नाही. भुकेल्या घरी पोरगी ठेवून त्यानं तरी काय केलं असतं? येशूचं नाव मी तिथंच शिकली, पोळी लाटणं, स्वेटर विणणं शिकली तसंच. लहानपणी जे भेटते ते आपलंच होऊन जाते, त्यात माही काही हुशारी नाही.

बोर्डिंगातल्या पोरींचे लग्न तिथली मोठी मॅडमच जमवे. रविवारी चर्चमध्ये एका बाजूच्या बाकावर आम्ही बसो, दुसऱ्या बाजूले प्रचारकाचं शिक्षण घेणारे पोट्टे, अन् मॅडम मधातून फिरून पाहे कोणाले कोण शोभते. माह्या वाट्याले दाऊद मास्तर आले. आंगानं काडी, पण गळा काय सांगू तुम्हाले! ते येशूचं कीर्तन करत, चिपळ्या घेऊन, आपलं कीर्तन असते तसंच, कथा फक्त आपल्या प्रभूची. मले वाटलं, चला, पैसा नाही पण घरात गाणं तर राहीन.

सन साठच्या सुमाराले मिशननं आम्हाले कुहीच्या पल्याड एका गावात पाठवलं. गावाचं नाव नाही सांगत, लोकं हयात आहेत. धानाचं गाव. मातीचं घर, पुढं ओसरी, ओसरीतच उपासना. उपासनेले कोण? मी. मास्तर पुढं उभे राहून म्हणत, प्रियजनहो, अन् प्रियजन म्हणून मी एकटी बसली राहो चुलीवरच्या भाजीकडे एक डोळा ठेवून. हसू येते तुम्हाले? मले तवाही येत होतं.

असं नाही का गाव वाईट होतं. कीर्तन असलं का ओसरी भरून जाये, उधळ्या पोराची कथा आली का बाया पदरानं डोळे पुसत, अन् संपलं का उठून घरी जात. पाटील म्हणे, मास्तर, तुमचा देव चांगलाच आहे, पण आमच्या देवानं आमचं वाईट काय केलं ते सांगा. बौद्ध मोहल्ल्यात गेलो तर ते आम्हाले चहा पाजत अन् म्हणत, मास्तर, आम्ही आत्ता कुठं नागपूरले जाऊन ताठ उभं राहून आलो, आता पुन्हा कोणापुढं गुडघे टेकायले नका सांगू गा. मास्तर चहा पिऊन येत. दर साली नागपूरले सगळ्या प्रचारकांची सभा होये, एकेक जण उठून सांगे, अमक्या घरानं बाप्तिस्मा घेतला, तमकं कुटुंब आलं. आमचे मास्तर उठत, कोणीच नाही म्हणत, अन् बसत. वापस आले का दोन दिवस जेवण जात नव्हतं त्याहिले.

अन् मंग द्रुपदामाय आली. म्हातारी, रांडमुंड, आपल्या पोराच्या घरी राहे, किसन त्याचं नाव. माह्याजवळ खोकल्याचं औषध न्यायले येत जाये, बसता बसता कथा ऐके, अन् एक दिवस म्हणते, रूतबाई, मले तुमच्या येशूची व्हायचं आहे. मी म्हटलं काहून वं माय? तर म्हणते, तो मेलेल्या मित्रासाठी रडला ना, रडणारा देव मी पाहिला नव्हता. मास्तरले सांगितलं तर ते ओसरीतच गुडघ्यावर बसले. इतक्या वर्षांत पयलं माणूस!

पण आमच्यात असं एकदम बाप्तिस्म्याचं पाणी नाही टाकत, ताई. पयले शिकावं लागते, विश्वास काय, दहा आज्ञा काय, अन् पाळकासमोर तोंडपाठ म्हणून दाखवा लागते. प्रचारकानं शिकवायचं, बाप्तिस्मा द्यायचा तो पाळकानं, अन् पाळक नागपूरले. म्हातारीच्या ध्यानात काही राहे नाही. सहावी-सातवी आज्ञा आली का गाडी अडके, मंग ती सरळ जात्यावरची ओवी चालू करे, त्यात येशूले घाले, त्याच्या मायले घाले, स्वतःच्या मेलेल्या लेकीलेही घाले. मी म्हणो, अहो, इतकं जीव लावून गाते, आणा पाळकाले. मास्तर म्हणत, नाही वं, कच्चं माणूस उभं केलं तर म्हणतीन मास्तरनं सभेत सांगायसाठी म्हातारीले ओढून आणलं. अन् खरं सांगू, त्याहिले सोतावरच शक होता. त्या गावातलं आमचं मिशनचं ठाणं बंद करायच्या गोष्टी चालू झाल्या होत्या, एक जरी माणूस झालं असतं तर ठाणं राहिलं असतं. म्हणून ते जास्तच सांभाळून राहिले होते. चांगलं माणूस असंच मार खाते.

धान कापणीच्या दिवसांत म्हातारी पडली. ताप, छातीत घरघर. किसन येऊन म्हणाला, मास्तर, माय तुमच्या पाण्याचं म्हणून राहिली, माही काही हरकत नाही, पण लवकर करा. मी मास्तरले म्हटलं, लोटा आहे, पाणी आहे, तुम्ही आहा, टाका अन् मोकळे व्हा. ते म्हणाले, तो अधिकार माह्या हातात नाही वं, मी पाळकसाहेबाले घेऊन येतो, तवर तू तिच्याजवळ बस. अन् निघाले, मोटर भेटन तिथवर पायी.

मी बसली. ती डोळे उघडे अन् विचारे, आले का मास्तर? मी म्हणो, येऊन राहिले माय, रस्त्यानं आहेत. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं माहा हात धरला, म्हणते, मले अजूनही पुरं येत नाही वं, पाळकानं विचारलं तर कसं करू? मी म्हटलं, चालते माय, अर्धं येते तेवढं पुरे. ती म्हणते, पाह्य बरं. दुपारी गेली. मी कधी इतकी रडली नाही, माह्या बापासाठीही नाही.

किसन तरी किती थांबन? त्यानं आपल्या रीतीनं मायले नेलं. मास्तर पाळकसाहेबाले घेऊन पोचले तर नदीकडून धूर दिसून राहिला होता. साहेब लग्न लावायले बाहेरगावी गेले होते म्हणून उशीर झाला, त्याहिचाही काही दोष नाही. ओसरीत बसले, पाणी प्याले, अन् सहज बोलले, मास्तर, अशा वेळी तुम्हीच पाणी टाकून द्यायचं असतं ना, मरणाच्या दारात कोणीही विश्वासी देऊ शकते, आपल्यात चालते तसं.

चालते तसं! ताई, मास्तरले कोणी शिकवलंच नव्हतं. त्याहिनं साहेबाकडे पाहिलं, माह्याकडे पाहिलं, अन् साहेबाचा रिकामा लोटा उचलून आत नेला. त्या दिवसापासून चिपळ्या हातात धरल्या नाही.

ठाणं बंद झालं. आम्ही नागपूरले आलो, सक्करदऱ्याकडे खोली केली, मास्तर एका शाळेच्या फाटकावर चौकीदार लागले, मी हॉस्टेलात पोळ्या करू लागली. लेकरूबाळ नाही. चर्चमधले लोकं म्हणत, मास्तर, पेरणाऱ्यानं पेरावं, कापणारा दुसरा असते. मी म्हणो, दुसरा कोण, नाव सांगा न त्याचं! लय तोंडाळ आहे मी. त्या गावात आजही एक घर येशूचं नाही, मी विचारून ठेवलं आहे.

एकदा मी रागानं मास्तरले म्हटलं, आपलं सगळं आयुष्य पाण्यात गेलं, तरी तुम्ही त्या देवापाशी कायले बसता? ते म्हणाले, तो काही सांगत नाही वं, मीही मांगत नाही. पण शेवटी क्रुसापाशी त्याच्याजवळ तरी कोण उरलं होतं? सगळे पळाले, चार बाया राहिल्या. जिंकणाऱ्या देवापुढं मले तोंड दाखवायची लाज वाटली असती. हा हरलेला आहे, याच्याजवळ मले बसता येते. मले ते तवा नाही पटलं. आताही पुरं पटलं असं नाही म्हणत मी.

आता मास्तरची नजर गेली, चालणंही खुंटलं. संध्याकाळी खाटेवर बसून प्रार्थना करतात, तर काय करतात माहीत आहे? त्या गावातल्या एकेका घराचं नाव घेतात, पाटलापासून चालू करून पार बौद्ध मोहल्ल्यापर्यंत, याच्या पोराले बरं ठेव, त्याच्या वावरात पिकू दे. पयले मी चिडो, म्हणो ज्याहिनं तुमचं ऐकलं नाही त्याहिची कायले चिंता करता? आता ते नाव विसरतात अन् अडकून राहतात, मंग मीच चुलीपासून सांगते, सुताराचं घर राहिलं जी, अन् ते पुढं जातात. किसनचं घर येते, किसनचं नाव घेतात, सुनेचं, लेकरांचं घेतात, अन् तिथं जरासे थांबतात. मेलेल्यासाठी प्रार्थना आमच्यात करत नाहीत, ताई. नियम आहे. मास्तर आमेन म्हणून देतात, अन् मी पोळी पलटवते अन् मनातल्या मनात म्हणते, अन् द्रुपदा.

चला, तुम्हीही दोन घास खाऊन घ्या, देव तुमचं भलं करो.