इरॅस्टस टॉलीच्या दोन बायका आणि वायोमिंगातला दगड

नाही, पण मी म्हणतो, एक पाटी वाचायला माणसानं दिवसभर गाडी हाकायची? तीही वायोमिंगात? जिथं वाऱ्याशिवाय कुणी भेटत नाही? पण आमच्या बायकोला, नेड्राला, कळलं की तिकडं रानात तिच्या पणजोबांच्या नावाची पाटी लावलेला दगड बसवलाय. इरॅस्टस टॉली! आपले मॉर्मन लोक बैलगाड्यांचे तांडे घेऊन युटाला आले ना, त्यातलाच हा. "लॅव्हार, जायचंच!" म्हणाली. मी काय, मी आपला ड्रायव्हर!

बरं, एकटी नेड्रा असती तर भागलं असतं. पण मागच्या सीटवर अर्विला! आता तुम्हाला सांगतो, या इरॅस्टसला बायका दोन, त्या काळी आमच्यात चालायचं ते. नेड्रा थोरलीची, कझायाची पणती; अर्विला धाकटीची, डोर्थियाची. चर्चमध्ये एका बाकावर बसत नाहीत दोघी!

"आमची कझाया बैलगाडीत पुढं बसायची," नेड्रा सुरू.

"बसेल नाही तर काय! चालायला आमची पोटुशी डोर्थिया होतीच की!"

"पाटीवर कुणाचं नाव आहे ते दिसेलच."

"दिसेलच! वाच, म्हणजे कळेल!"

आणि वाटेत खायला घेतलेली, आम्हा मॉर्मनांची लाडकी, गाजर घातलेली हिरवी जेली भांड्यातून हिंदकळत माझ्या मांडीवर... मी काय, मी आपला ड्रायव्हर!

डांबर संपलं, खडी संपली, नुसती चाकोरी उरली... आणि दगड! गायींनी अंग घासून गुळगुळीत केलेला. सत्तरीच्या बायका, एकमेकींना कोपरं मारत धावल्या हो! नेड्रा मोठ्यानं वाचायला लागली, "येथे इरॅस्टस टॉली यांचा लाडका बैल बक मरण पावला. त्यानंतर ते सहकुटुंब पुढे गेले."

बैलाला नाव, आणि दोन बायका मिळून सहकुटुंब!

"बैल?" अर्विला म्हणाली.

"बैल!" नेड्रा.

मी हसू खोकल्यात लपवलं. मग अर्विला हळूच म्हणाली, "डोर्थियाचं बाळ इथंच कुठंतरी पुरलंय गं. गुंडाळायला कापड नव्हतं, तर कझायानं आपला लग्नातला झगा फाडून दिला."

नेड्रा तिच्याकडं वळली. "आमच्याकडं सांगायचे, तो झगा वाटेत हरवला."

कुणाला सांगितलंच नव्हतं हो थोरलीनं, कधीच! दोघी वाऱ्यात हात धरून उभ्या... मी आपला उगीच टायर बघत बसलो. माझेही डोळे... धूळ फार तिकडं.

परतताना दोघी मागच्या सीटवर. नवा दगड बसवायचा ठरला, कझाया आणि डोर्थिया दोघींच्या नावांचा, बाळाचाही उल्लेख असलेला. "खड्डा कोण खणणार?" मी विचारलं. दोघी एका सुरात, "तूच!"

तुम्हाला सांगतो, भांडत होत्या तेव्हा निदान एकीचंच ऐकावं लागायचं!