डाव्या हाताची बाही

आई: पुन्हा सांगा, कुणाचा म्हणालात हा गणवेश?

मास्तर: अगं, गिऱ्हाइकाचा. सैन्यात नवीन भरती झालेला एक मुलगा आहे. दे इकडे, इस्त्री राहिलीय.

आई: गिऱ्हाइकाचा आहे, तर ताग्यांच्या मागे कशाला लपवलात?

मास्तर: लपवला नाही, ठेवला. माझ्याच दुकानात कुठे काय ठेवायचं, हेही आता तुला विचारू? जा, तयार हो. आज स्मृतिदिन आहे, स्मारकावर लवकर बोलावलंय. गेलेल्या मुलांच्या आईवडिलांना पुढच्या खुर्च्या आहेत.

आई: उजव्या बाहीला तुम्ही हातही लावलेला नाही. डावी तेवढी बोटभर आत मुडपलीय.

मास्तर: असेल त्याचा हात तसा.

आई: तसा हात आपल्या धाकट्याचा होता. भिंतीवरून पडला तेव्हापासून. शाळेच्या शर्टापासून त्याची डावी बाही तुम्ही बोटभर आखूडच शिवत आलात. आता ऑपरेशन होऊन हात सरळ झाला, तरी तुमची सवय काही सुटली नाही.

(मास्तर शिलाई मशीनचं चाक उगाच फिरवत राहतात.)

आई: बोला ना. एरवी एका बटणासाठी आलेल्या माणसाला तासभर सोडत नाही.

मास्तर: त्याला जायचं होतं गं.

आई: ऑपरेशन कशासाठी केलंत?

मास्तर: थंडीत हात ठणकायचा, म्हणून...

आई: अहो.

मास्तर: वाकड्या हाताला घेत नव्हते. सरळ करून ये म्हणाले.

आई: आणि मी त्या डॉक्टरांना हात जोडले! थोरला गेला तेव्हा या पोराच्या वाकड्या हाताकडे बघून मी सावरले होते. म्हटलं, याला तरी माझ्याकडून कुणी नेणार नाही.

मास्तर: तुला विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस.

आई: म्हणालेच असते.

मास्तर: म्हणूनच नाही विचारलं.

आई: मग सांगणार कधी होतात?

मास्तर: आज कळलंच असतं. नव्या मुलांना स्मारकासमोर शपथ देणार आहेत. थोरल्याचं नाव मागे, हा पुढे उभा. वाटलं, बघून तुझा ऊर भरून येईल.

आई: पुढच्या खुर्चीवर बसवून, सगळ्यांच्या देखत. म्हणजे मला ओरडताही येऊ नये. छान बेत केलात, मास्तर.

धाकटा: बाबा, झाला का माझा...? आई! तू अजून तयार नाही झालीस?

आई: ये. अंगात घाल बघू हा.

धाकटा: आई, मी सांगणारच होतो तुला.

आई: कधी? हात प्लॅस्टरमध्ये होता आणि मी घास भरवत होते, तेव्हा? का डोक्यावरून पाणी घालत होते, तेव्हा? डोळे घट्ट मिटून बसायचास. मला वाटायचं, साबण जातोय डोळ्यांत.

धाकटा: तुझ्याकडे बघवायचं नाही मला.

आई: हात पुढे कर. बघा, मनगट उघडं पडलंय. चार लोकांत हसं झालं असतं पोराचं.

मास्तर: आण, मी उसवतो. तू आवर.

आई: राहू द्या. अंगावरच उसवते मी, आणि चार टाके घालून देते.

धाकटा: आई, शिव्या घाल, थोबाडीत मार. पण अशी शांत नको ना राहूस.

आई: हलू नको. सुई टोचेल.

मास्तर: अगं, पण तू येतेयस ना? तुझी खुर्ची रिकामी दिसली तर लोकांना काय सांगू?

आई: बरं वाटत नाही म्हणून सांगा. तुम्हाला जमतं तसलं सांगायला.

धाकटा: माझं सोड. दादासाठी तरी चल. दरवर्षी त्याला फुलं तूच वाहतेस.

आई: झाली बाही. निघा आता, उशीर होईल.

धाकटा: आई, दादासाठी.

आई: त्याच्यासाठी मी इथेच बसते. तो मला विचारून गेला होता.